'करून'चं 'वरून' झालं तेव्हा

शब्दनोंदींची एक टेक्स्ट फाइल मी कितीतरी वर्षं वाढवत आले आहे. साधा मजकूर, बहुतेक मराठी, आणि तरी तीन एमबीच्या वर गेलेला. दर आठवड्याला तिची प्रत बाहेरच्या डिस्कवर टाकायची आणि मूळ व प्रत तंतोतंत एक आहेत ना हे 'सीएमपी' नावाच्या आज्ञेने पडताळायचं, ही जुनी सवय. फाइली सारख्या असल्या की ही आज्ञा चकार शब्द काढत नाही. माझ्याकडे तिने कधीच काढला नव्हता.

एका रात्री मात्र तिने एक ओळ टाकली: ८६५५६३, २२५, २६५.

पहिला आकडा म्हणजे कितवा बाइट, पुढचे दोन म्हणजे त्या जागी मुळात काय आहे आणि प्रतीत काय आहे. हे दोन्ही अष्टमान पद्धतीत छापले जातात, ते आठवायला मला जरा वेळच लागला. २२५ आणि २६५ यांच्यातला फरक अष्टमानात ४०, म्हणजे आपले ३२. आणि ३२ म्हणजे बरोब्बर एक बिट, बाइटातल्या आठ ०-१ पैकी एक. तीन एमबीच्या फाइलीत एका बिटाने कूस बदलली होती. ती जागा उघडून पाहिली. मुळात 'याद्या एकत्र करून' होतं, प्रतीत 'याद्या एकत्र वरून' झालं होतं.

युनिकोड म्हणजे अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत; तिच्यात क आणि व यांच्या क्रमांकांत नेमकं ३२ चं अंतर आहे. ख आणि श, ग आणि ष, घ आणि स यांच्यातही तेवढंच. त्यामुळे हा एक बिट शून्याचा एक झाला की घराचं सर होतं आणि घाताचा सात. शुद्धलेखन तपासनीसाच्या बापाला पत्ता लागणार नाही, कारण 'वरून' हा शब्द म्हणून चोख आहे.

आता डोकं ठिकाणावर असतं तर मी तिथल्या तिथे रॅमकडे बोट दाखवलं असतं. पण बाहेरची डिस्क जुनी होती, तिची केबल त्याहून जुनी, तेव्हा संशय तिकडेच गेला. केबल बदलली. डिस्कची स्वतःची तपासणी चालवली, ती निर्दोष निघाली. आतल्या एसएसडीची चालवली, तीही निर्दोष. दोन आठवडे मी भुईच धोपटत होते. दरम्यान ब्राउझरचे टॅब अधूनमधून आपोआप मरत होते, त्याचं खापर मी ब्राउझरवर फोडत होते.

मग एका फोटोच्या प्रतीत पुन्हा तसाच एक बाइट सापडला. जागा ६२६८१८७, फरक पुन्हा ३२. दोन्ही आकडे शेजारी लिहून ठेवले आणि का कोण जाणे, ४०९६ ने भागून पाहिले. दोन्हींची बाकी १३०७!

हे पाहिल्यावर मी खुर्चीत सरळ बसले. लिनक्स फाइल वाचतं किंवा लिहितं तेव्हा ती ४०९६ बाइटांच्या पानांमध्ये तोडून मेमरीत ठेवतं. फाइलीचा कुठला तुकडा मेमरीतल्या कुठल्या पानावर पडेल हे दर वेळी बदलतं, पण तुकड्यातली बाइटांची जागा पानावरही तीच राहते. दोन अगदी वेगळ्या फाइली, एक मजकूर आणि एक फोटो, आणि दोघींच्या पानावर एकाच ठिकाणी डाग. म्हणजे डाग फाइलीचा नव्हता, पानाचा होता.

एक गंमत इथेच सांगून टाकते. इंग्रजीची छोटी अक्षरं, आकडे, मोकळी जागा, या सगळ्यांत हा बिट मुळातच १ असतो. तेव्हा त्या पानावर इंग्रजी मजकूर पडला तर बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. मोठी अक्षरं तेवढी छोटी होतात आणि ओळ संपल्याची खूण जाऊन तिथे * अशी फुली उमटते. माझे प्रोग्रॅम बिनबोभाट चालत होते आणि मराठी फाइल मात्र नासत होती, त्यामागे हेही एक कारण असणार.

त्या रात्री मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर टाकलं. २०२२ साली त्याची सहावी आवृत्ती नव्याने लिहून आली, तेव्हापासून ते नव्या धाटणीच्या बायोसच्या (यूईएफआय) मशिनवरही चालतं. माझ्याकडची प्रत सही केलेली नसल्यामुळे आधी सेक्युअर बूट (सही नसलेलं काही बूट न होऊ देणारा पहारा) बंद करावं लागलं. पहिला फेरा पूर्ण झाला. चुका शून्य. मी सुटकेचा निःश्वास टाकून मशिन बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी, सांगायलाही लाज वाटते, अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा टाकली. चौथ्या दिवशी सीएमपी पुन्हा बोललं.

मग मात्र मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवून झोपले. सकाळी झाकण उघडलं तर पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल ओळी. पहिले दोन फेरे स्वच्छ, तिसऱ्यापासून चुका, आणि बहुतेक सगळ्या सातव्या चाचणीत. पत्ते फक्त दोन: १५३४२७५१८ आणि १५३४२९५१८. पत्ते षोडशमान पद्धतीत असतात, म्हणजे त्यांत ए ते एफ ही अक्षरंही यायची, पण माझ्या वाट्याला सगळे अंकच आले. शेवटचे तीन अंक म्हणजे पानावरची जागा, दोन्हीकडे ५१८. अपेक्षित आणि सापडलेलं या दोन रकान्यांवरून बोट फिरवत गेले. सगळं सारखं, एका ठिकाणी मात्र ५ च्या जागी ७. दोनाचा फरक, बाइटाच्या वरच्या अर्ध्या भागात, म्हणजे ३२. माझ्या १३०७ या बाकीचा हिशेबही जुळला: ५१८ म्हणजे आपले १३०४, त्याच्या पुढचा दोन क्रमांकांवरचा बाइट १३०६, आणि सीएमपी मोजायला सुरुवात शून्याऐवजी एकापासून करतं म्हणून १३०७.

पहिल्या फेऱ्यात का नाही सापडलं? रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक सूक्ष्म कपॅसिटर. त्यातला भार सतत गळत असतो, म्हणून तो साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. एखादी पेशी अशक्त असली की तेवढाही दम काढत नाही, आणि तापमान वाढलं की गळती वाढते. माझी पेशी थंड असताना कशीबशी तग धरत होती. दोन फेऱ्यांनी मशिन तापलं की हात टेकायची. भार गेला म्हणजे शून्यच व्हायला हवं असं आपल्याला वाटतं, पण चिपमधल्या काही ओळींत उलटी रीत असते, भार म्हणजे ० आणि भार नाही म्हणजे १. माझे दोन्ही बिट तसल्याच ओळीतले असावेत. सर्व्हरमध्ये ईसीसी मेमरी असते, ती असा एकटा बिट चुकला तर वाचतानाच दुरुस्त करते. गूगलच्या सर्व्हरांवरचा २००९ सालचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त मेमरी मोड्यूल्समध्ये चुका नोंदल्या गेल्या होत्या. आपल्या लॅपटॉपांत ईसीसी बहुधा नसते, त्यामुळे चूक झाली तर ती नोंदणारंही कोणी नसतं.

सरळ उपाय म्हणजे रॅमची पट्टी बदलणे. माझ्या लॅपटॉपात पट्टी नाहीच. आठ जीबी रॅम मदरबोर्डलाच डाखलेली. चिप उपटून नवी बसवणारे कारागीर असतात, पण दोन बिटांसाठी अख्खा बोर्ड तापवायला माझं मन धजेना. आठ जीबीत मिळून अब्जावधी बिट. दोन वाईट आहेत तर ती जागा वापरायचीच नाही, एवढं कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगता आलं की झालं.

तात्पुरती सोय तर लगेच सापडली. चालू मशिनवर सिसएफएस या कर्नेलशी बोलायच्या फोल्डरमधल्या 'सॉफ्ट ऑफलाइन पेज' या फाइलीत पत्ता लिहिला की कर्नेल त्या पानावरचा मजकूर दुसरीकडे हलवतं आणि पान बाद करतं. दोन्ही पत्ते लिहिले, मग मेमइन्फो ही मेमरीच्या हिशेबाची फाइल पाहिली. 'हार्डवेअर करप्टेड' पुढे एरवी शून्य असतं, तिथे ८ केबी आले. दोन पानं, प्रत्येकी चार केबी. मला तो आकडा पाहून उगाचच बरं वाटलं. पण रीबूट केलं की हे सगळं विसरलं जातं, म्हणून बंदोबस्त बूटलोडरमध्येच, म्हणजे मशिन चालू होताना कर्नेल उठवणाऱ्या प्रोग्रॅममध्येच, करायचा होता.

ग्रब या माझ्या बूटलोडरमध्ये यासाठी 'बॅडरॅम' नावाची सेटिंग आहे. तिला पत्ता आणि मास्क अशी जोडी द्यायची; मास्कमध्ये जिथे १ तिथले बिट जुळलेच पाहिजेत, जिथे ० तिथे काहीही चालेल. मेमटेस्टच्या सेटिंगमध्ये चुका दाखवायची रीत बदलली की ते अशा जोड्या आयत्या काढून देतं. मी जोडी उतरवून घेतली, ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत टाकली, सेक्युअर बूट पुन्हा चालू केलं आणि रीबूट केलं. ग्रबने सांगितलं की लॉकडाउन, म्हणजे सेक्युअर बूटचे निर्बंध, लागू असताना ही आज्ञा चालणार नाही. त्यात तथ्य आहे. मेमरीचा नकाशा बदलता येणाऱ्या आज्ञांचा आधार घेऊन सेक्युअर बूटला वळसा घालता येतो हे ध्यानात आल्यावर २०२१ साली ग्रबने त्या बंद केल्या. सेक्युअर बूट कायमचं बंद ठेवायची माझी तयारी नव्हती.

मग राहिलं कर्नेलचं 'मेममॅप'. ग्रबचं काम इतकंच, की तो शब्द कर्नेलच्या कानावर जसाच्या तसा घालायचा. लिहायची रीत अशी: किती जागा, मग डॉलरचं चिन्ह, मग कुठून. डॉलर म्हणजे 'ही जागा राखीव धर'. मी दोन पानांपुरतंच न थांबता त्यांच्या आजूबाजूची ६४ केबी सोडायचं ठरवलं, म्हणजे सोळा पानं, शेजारच्या पेशीही अशक्त असल्या तर त्यांच्यासकट. आठ जीबीचा हा १,३१,०७२ वा हिस्सा. चुकूनही जाणवणार नाही. लिहायचं होतं ते असं, अर्थात रोमन अक्षरांत:

मेममॅप=६४के$०एक्स१५३४२००००

हे मी ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत, कर्नेलच्या ओळीच्या अवतरणचिन्हांत टाकलं, अपडेट-ग्रब चालवलं, रीबूट केलं. 'लोडिंग इनिशियल रॅमडिस्क' ही ओळ आली आणि पुढे काही नाही. कर्सरसुद्धा नाही. पाच मिनिटं थांबले, पॉवरचं बटण दाबून बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. दोन बिटांपायी अख्खं मशिन गमावलं की काय, अशी पोटात कालवाकालव झाली.

ग्रबच्या मेनूवर ई दाबलं की त्या खेपेपुरती ओळ बदलता येते, हे देवाच्या कृपेने आठवलं. ओळ उघडली आणि मेममॅपपुढे जे दिसलं ते असं होतं:

मेममॅप=६४के/यूएसआर/एसबिन/ग्रब-एमकेकॉन्फिगएक्स१५३४२००००

मी हसायलाच लागले. सेटिंगची ती फाइल म्हणजे खरं तर शेल स्क्रिप्ट, आणि शेल म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम. शेलच्या लेखी डॉलर आणि लगेच शून्य म्हणजे 'चालू असलेल्या प्रोग्रॅमचं नाव'. माझ्या पत्त्याची सुरुवातच 'शून्य एक्स' अशी, तेव्हा शेलने आज्ञाधारकपणे डॉलर-शून्य उचलून तिथे स्वतःच्या प्रोग्रॅमचं नाव चिकटवलं. पुढे कर्नेलने ६४ केबी वाचलं, त्यापुढे डॉलर दिसण्याऐवजी तिरकी रेघ दिसली, आणि डॉलर वगैरे खूण नसेल तर या शब्दाचा अर्थ वेगळाच होतो: 'एकूण मेमरी एवढीच समज.' म्हणजे मी आठ जीबीच्या मशिनला ६४ केबीत संसार करायला सांगितलं होतं. तोंडातून अवाक्षर न काढता त्याने मान टाकली, त्याला तरी काय बोलणार!

मेममॅपचा तुकडा खोडला, एफ१० दाबलं, मशिन जिवंत झालं. खरं तर सुरुवातही इथूनच करायला हवी होती. ई दाबून केलेला बदल एका खेपेपुरता असतो. चुकला तर रीबूट केलं की पुसला जातो. कायमच्या फाइलीला हात लावायच्या आधी तिथे करून बघण्यात काहीच जात नाही. तर दुसऱ्या खेपेला तिथेच टंकलं. ग्रबलाही डॉलरमध्ये व्हेरिएबल (ज्याच्या जागी दुसरा मजकूर घालायचा असं नाव) दिसतं, म्हणून त्याच्याआधी एक उलटी तिरकी रेघ द्यायची. चाललं.

कायमच्या फाइलीत मात्र एका रेघेने भागत नाही. तिथून निघालेला डॉलर आधी शेलच्या हातून जातो, मग ग्रबच्या, आणि दोघांनाही त्याचा मोह पडतो. दुहेरी अवतरणात डॉलरच्या आधी तीन रेघा लागतात, \\\$ अशा. पहिल्या दोन मिळून शेल एक रेघ बनवतं, तिसरी डॉलरला शेलपासून वाचवते. मग ग्रबकडे एक रेघ आणि डॉलर पोचतो, ग्रब ती रेघ खातं, आणि कर्नेलला नुसता डॉलर मिळतो. हे मी कागदावर मांडून पाहिलं तेव्हा कुठे गळी उतरलं. या वेळी रीबूट करायच्या आधी ग्रबची तयार झालेली फाइल उघडून पाहिली, डॉलरच्या आधी एकच रेघ उरली आहे याची खात्री केली, मगच धाडस केलं.

मशिन उठलं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नेलच्या नोंदवहीत, 'यूझर-डिफाइन्ड फिजिकल रॅम मॅप' असा मथळा आणि त्याखाली माझी ६४ केबी राखीव म्हणून दिसली. प्रॉकमधल्या आयओमेम या पत्त्यांच्या यादीतही बघायला गेले तर सगळे पत्ते शून्य. क्षणभर पुन्हा धस्स झालं. पण साध्या वापरकर्त्याला तिथे शून्यंच दाखवतात. रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होऊन पाहिल्यावर १५३४२०००० पासूनची ओळ 'रिझर्व्ह्ड' म्हणून उभी होती.

त्यानंतर कसोटी. शब्दनोंदींची फाइल आणि काही जीबी फोटो पुन्हा पुन्हा नकलायचे, कॅश (मेमरीत तात्पुरत्या ठेवलेल्या प्रती) रिकामी करायची, पडताळायचं, असं चक्र रात्रभर चालू ठेवलं. मध्ये कॅश रिकामी करणं महत्त्वाचं, नाहीतर पडताळणी मेमरीतल्याच प्रतीवर होते आणि डिस्कवर काय उतरलं ते कळतच नाही. सोबत मशिन मुद्दाम तापवायला एक जड काम लावून दिलं. सकाळी सीएमपीची एक ओळ नव्हती. तीच खेप तीन रात्री केली.

मेमटेस्ट चालवलं तर ते अजूनही लाल होतं, कारण त्याला मेममॅपशी देणंघेणं नाही. ते कर्नेलच्या जागी स्वतःच बूट होतं. पत्ते मात्र तेच दोन आहेत. दर दोन-तीन महिन्यांनी एक रात्र त्याला देते. तिसरा पत्ता ६४ केबीच्या बाहेर निघाला तर मेममॅप वाढवता येईल, पण तेव्हा मी बहुधा मशिनच बदलेन. पसरत जाणाऱ्या दुखण्याला असं ठिगळ लावण्यात अर्थ नाही. शिवाय कर्नेल बूट होताना स्वतःला मेमरीत कुठे ठेवायचं हे यादृच्छिकपणे ठरवतं, आणि तसं करताना मेममॅपने राखलेले चारच तुकडे लक्षात ठेवतं. त्याहून जास्त दिले तर ते जागा बदलणंच सोडून देतं.

बायोस अपडेट केल्यावरही मेमटेस्ट लावते. मेमरीतली पेशी आणि तिचा पत्ता यांची सांगड कंट्रोलर घालतो आणि कंट्रोलरची मांडणी बायोस करतं, तेव्हा सांगड बदलली तर मी चांगली जागा राखून ठेवेन आणि वाईट जागा मोकाट सुटेल. जिथे रॅमच्या पट्ट्या आहेत तिथे पट्टी वाढवली किंवा खाचेची अदलाबदल केली तरी हेच. कर्नेलमध्ये 'मेमटेस्ट=४' असंही देता येतं; कर्नेल तसं बांधलेलं असेल तर ते बूट होताना स्वतः मेमरी तपासून वाईट जागा वगळतं. पण ती चाचणी साधी आणि गार मशिनवरची. माझी पेशी तिला सहज फसवते, करून पाहिलं.

विंडोजवाल्यांसाठी बीसीडीएडिट या बूटची सेटिंग बदलायच्या आज्ञेत 'बॅडमेमरीलिस्ट' आहे. तिथे पत्त्याऐवजी पानाचा क्रमांक द्यायचा, म्हणजे पत्त्याचे शेवटचे तीन अंक उडवायचे; माझ्या बाबतीत १५३४२७ आणि १५३४२९.

राहिलं ते जुनं. हा बिट कधीपासून गळतोय मला माहीत नाही, आणि त्या काळात लिहिलेलं, नकललेलं सगळं याच मशिनमधून गेलेलं. दोन वर्षांपूर्वीची एक प्रत दुसरीकडे होती, तिच्याशी सगळ्या फाइली ताडून पाहिल्या. ज्या फाइलींना मी मधल्या काळात हातच लावला नव्हता त्यांत पाच सापडल्या. फोटोंमध्ये एखादी रेघ रंग सोडून गेलेली, एका झिप फाइलने उघडायलाच नकार दिला. त्या जुन्या प्रतीवरून परत आणल्या. शब्दनोंदींची फाइल मात्र रोज बदलणारी, तिला ताडायला जुनं काही नाही. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: फाइलीत ४०९६ ने भागून १३०७ बाकी उरणाऱ्या प्रत्येक जागी कुठलं अक्षर आहे ते काढ, आणि ते व, श, ष किंवा स असेल तर ती ओळ दाखव. मध्ये नोंदी घालत गेल्याने जुन्या जागा सरकल्या असणार हे कळत होतं, तरी चालवली. चाळीस-पन्नास ओळी आल्या, एकेक करून वाचल्या. एकोणचाळिसाव्या ओळीत 'सरचा आहेर' सापडला.

तो मी घरी परत आणला. बाकी फाइल आता पहिल्या नोंदीपासून वाचते आहे, रोज थोडी थोडी. सध्या 'त'पर्यंत आले आहे.